अटोरव्हास्टॅटिन की रोसुव्हास्टॅटिन: मूडच्या बाजूने पाहता

आमचे भाऊजी नागपूरच्या फुटाळा तलावावर रोज सकाळी फिरतात आणि परतताना, कोलेस्टेरॉल असूनही, तर्री पोहे सोडत नाहीत. कोलेस्टेरॉल उतरवणारी अटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाल्यावर महिनाभरात ते म्हणाले, "काऊन बाप्पा, झोपेत भलतीच स्वप्नं पडतात, दिवसभर चिडचिड होते."

अटोरव्हास्टॅटिन चरबीत विरघळणारं, म्हणून मेंदूपर्यंत पोचणं त्याला जास्त सोपं. त्याच कामाचं दुसरं औषध रोसुव्हास्टॅटिन पाण्याकडे ओढ असलेलं, ते तिकडे कमी जातं. ऐकायला पटतं, पण रोसुव्हाच्या माहितीपत्रकातही नैराश्य आणि वाईट स्वप्नांची नोंद आहे. त्यामुळे 'रोसुव्हा म्हणजे मन शांत' हे मला तरी पटत नाही. दोन्हींत हा त्रास क्वचितच होतो आणि दोष गोळीचाच असतो असंही नाही. थायरॉइड कमी असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि मनही उदास होतं.

ताकदीत रोसुव्हा पुढे: १० मिलिग्रॅमला एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ४५ टक्के उतरतं, अटोरव्हाच्या २० ला जवळपास तेवढंच. किडनी फार बिघडलेली असेल तर रोसुव्हाचा डोस कमी ठेवावा लागतो, अटोरव्हाला ती अडचण नाही. ग्रेपफ्रूटचा रस भरपूर प्यायला तर अटोरव्हा रक्तात वाढतं, रोसुव्हाला फरक पडत नाही. (आपल्या संत्र्याला उगाच यात ओढू नका.)

भाऊजींनी गोळी मनानेच बंद केली नाही, हे बरं झालं. डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासायला सांगितलं, मग गोळी बदलून दिली. आता स्वप्नं कमी झालीत. तर्री मात्र तेवढीच आहे.