पोलीस ठाण्यातला मोफत वकील: सेवा चांगली, पण वेळेत मागितली तरच

अटक झालेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. तो रिमांडची (मॅजिस्ट्रेटपुढे कोठडी ठरते त्या सुनावणीची) वाट न पाहता पोलीस ठाण्यातच मागता येतो, हे फार थोड्यांना. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2019 मध्ये अटकेपूर्वी, अटकेच्या वेळी आणि रिमांडच्या वेळी वकील देण्याची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. कागदावर ही सेवा उत्तम आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना वकील पहिल्यांदा दिसतो तो कोर्टाच्या व्हरांड्यात, रिमांडच्या दहा मिनिटं आधी. तोवर बोलायचं ते सगळं बोलून झालेलं असतं.

म्हणून फोन लगेच करायचा. टोल-फ्री क्रमांक 15100, नाहीतर जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. फोन नातेवाइकाने केला तरी चालतो. ठाण्याचं नाव, माणसाचं नाव-वय, नेल्याची नेमकी वेळ आणि माहीत असेल तर गुन्हा क्रमांक सांगा. उत्पन्नाचा दाखला मागितला, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 दाखवा: कोठडीत असणं हीच पात्रता आहे.

वकील आल्यावरही मर्यादा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 38 नुसार चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ त्याला शेजारी बसवता येत नाही. त्यामुळे पहिली भेट सगळ्यात मोलाची. कुठल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं आणि कुठल्या नाही, हे तिथेच ठरवून घ्या.

गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 20(3) मधून येतो, पण नुसतं मान खाली घालून बसू नका. नाव-पत्ता खरा सांगा आणि पुढे स्पष्ट म्हणा: ‘या उत्तराने माझ्यावर गुन्हा येऊ शकतो. वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देणार नाही.’ प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला हेच वाक्य. खोटं मात्र सांगू नका. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना या हक्कात येत नाही.

‘पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही’ या भरवशावर लोक बोलून जातात, आणि इथेच घात होतो. समजा आरोपी म्हणाला, ‘ज्या चाकूने मारलं तो विहिरीत टाकलाय, दाखवतो.’ पोलीस निवेदन पंचनामा करतात, म्हणजे त्याचं हे बोलणं पंचांसमोर लिहून घेतात, आणि चाकू खरंच सापडतो. ‘मारलं’ हे शब्द वगळले जातील. ‘विहिरीत टाकलाय, दाखवतो’ हा भाग पुराव्यात येऊ शकतो. वकील आधी भेटला असता तर हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 181). अटकेच्या पंचनाम्यावर सही करताना तारीख आणि वेळ आधी वाचा. 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचा हिशेब त्यावरच होतो.

सेवेची सगळ्यात कच्ची बाजू: ‘अटक नाही, फक्त चौकशीला बोलावलंय.’ कलम 38 अटक झालेल्यांबद्दल बोलतं, आणि या फटीत माणूस तासन्‌तास एकटा बसतो. कलम 35(3) ची हजेरीची नोटीस हातात पडली की त्याच दिवशी प्राधिकरणाकडे जा. अटकेपूर्व मदत 2019 च्या कार्यपद्धतीतच आहे.

वकिलांचा दर्जा जिल्ह्यागणिक बदलतो. नेमलेला वकील येत नसेल किंवा पैसे मागत असेल, तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. ते न्यायिक अधिकारी असतात. दुसरा वकील मागता येतो. ठाण्यात वकील भेटूच दिला नसेल, तर पहिल्याच हजेरीला मॅजिस्ट्रेटना तोंडी सांगा आणि ते नोंदवून घ्यायची विनंती करा.