उन्हाने भाजलेल्या कातडीला काय लावावं? कोरफड, दही, कॅलामाइन की तेल?

मार्चअखेरीला निफाडकडे माहेरी उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती. मजूर कमी पडले म्हणून मीही वाफ्यात उतरले. सकाळी नऊला बसले ती दुपारी दोनलाच उठले. वारा गार होता, घामसुद्धा फारसा आला नाही. रात्री नाशिकला घरी येऊन उशीवर मान टेकवली आणि ओरडलेच. मानेवर काळसर तांबडा पट्टा, हात लावला तर तव्यासारखा गरम, आणि त्यात गळ्यातल्या पोतीखाली झाकली गेलेली तेवढी एक उजळ रेघ.

आईने फोनवरून दही सांगितलं, जाऊबाईंनी कोरफड, आणि ह्यांनी तोवर फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढून आणला होता. तिघांचीही माया खरी, पण तिन्ही गोष्टी सारख्या नाहीत. सगळ्यात जास्त फरक पडतो तो भाजून किती तास झाले याने.

आधी एक पारखून घ्या. ऊन लागून रापणं वेगळं आणि भाजणं वेगळं. रापलेली कातडी दुखत नाही. आपल्या सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. हाताच्या पाठीने ऊब बघा, कपडा घासला तर झोंबतं का बघा. भाजल्याची आग साधारण ३ ते ५ तासांनी उठते, १२ ते २४ तासांत सगळ्यात जास्त होते आणि तीनेक दिवसांत उतरते. त्यानंतर साल सुटते. भाजतं ते अतिनील किरणांनी, हवेच्या उष्णतेने नव्हे. म्हणून नाशिकच्या गार वाऱ्यात माणूस फसतो. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास तर सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो.

पाणी की बर्फ? पाणीच. बर्फ थेट लावला की आधीच दुखावलेली कातडी बधिर होते आणि गारठ्याने आणखी इजा होते. पण पाणी कुठलं, तेही बघा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कढत येतं. त्यापेक्षा माठातलं पाणी पातेल्यात घ्या, जुना मऊ पंचा भिजवून अलगद पिळा आणि भाजलेल्या जागेवर ठेवा. गरम झाला की पुन्हा भिजवा. असं १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पहिल्या रात्री मला यानेच झोप लागली. बाकी सगळं यानंतर.

कोरफड आणि दही यांत मी कोरफडीच्या बाजूने आहे. दही गार लागतं, तात्पुरतं बरं वाटतं, यात आई चुकली नव्हती. पण ते आंबट असतं. कातडी कुठे फुटली असेल तर झोंबतं, आणि उघड्या जखमेवर विरजण लावणं धोक्याचंच. अंग धड असेल आणि घरात दुसरं काहीच नसेल तर दहा मिनिटं लावून धुऊन टाका. त्यापेक्षा त्याचं ताक करून, मीठ घालून प्या. त्या दिवशी शरीराला पाणी हवंच असतं.

कोरफडीने भाजलेलं लवकर भरून येतं, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. गारवा आणि ओलावा मात्र ती नक्की देते. चूक होते ती पान कापताना. कुंडीतलं पान कापलं की कडेने पिवळा, कडवट चीक ओघळतो. तो अंगाला लागला तर खाज सुटते. पान कापल्या बाजूने वाटीत उभं ठेवा, पंधरा मिनिटांत चीक निथळतो. मग धुवा, काटेरी कडा काढा, वरचं साल सोला, आणि आतला पारदर्शक गर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. एवढा खटाटोप नको असेल तर मेडिकलमधली ट्यूब घ्या, पण सुगंधी नको.

कॅलामाइन खाजेसाठी चांगलं, तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ते सुकताना गारवा देतं, पण कातडी कोरडीही करतं. साल सुटायला लागल्यावर लावलं की ओढ बसते. मुलतानी मातीचं तेच, जरा जास्तच.

खोबरेल तेल आणि तूप पहिल्या दिवशी नको, आतली धग कोंडून राहते. चौथ्या दिवशी, धग गेल्यावर, तेच खोबरेल तेल मला कोरफडीपेक्षाही बरं वाटलं. लिंबू मात्र कधीच लावू नका. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. टूथपेस्टही नको.

दुखणं सोसवत नसेल तर गोळी घ्यायला हरकत नाही. पॅरासिटामॉल दुखणं कमी करते. आयबुप्रोफेन सूजही उतरवते, पण ती जेवूनच घ्यायची, आधी भरपूर पाणी पिऊन. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे सौम्य स्टिरॉइडचं, मलम पातळ थरात दोन-तीन दिवस चालतं. पण क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन अशी कडक स्टिरॉइडं असलेलं एखादं क्रीम घरात पडलेलं असतं, ते तोंडाला फासू नका. नाव वाचूनच ट्यूब उघडा.

फोड आले तर फोडू नका, वरची कातडी हीच त्याची पट्टी. फोड मोठ्या भागावर असतील, थंडी वाजून ताप आला, उलट्या झाल्या, माणूस असंबद्ध बोलायला लागला, किंवा भाजलेलं बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर घरगुती काही करत न बसता दवाखाना गाठा. डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक गोळी चालू असेल तर थोड्या उन्हातही भाजतं, हेही डॉक्टरांना सांगा.

मी पोत चार दिवस काढून ठेवली होती, मणी घासत होते म्हणून. पाचव्या दिवशी मानेची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली. ओढायचा मोह आवरला आणि तेलाचा हात फिरवला. खालची नवी कातडी आणखी पटकन भाजते, म्हणून पुढच्या रविवारी वाफ्यात गेले ती वडिलांचा फुल बाह्यांचा सदरा घालून, कॉलर उभी करून, आणि अकरा वाजता बांधावरच्या बाभळीखाली पात कापायला बसले.