चार वाट्या आणि पाचवा पाय: आठ महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात ठकी कात टाकायला उताणी पडली होती. ठकी म्हणजे माझी मेक्सिकन रेड-नी टॅरँटुला, पाळलेली केसाळ मोठ्या जातीची कोळीण, अजून लहानच. या अवस्थेत तिला पळता येत नाही की पोटावरचे खाजरे केस उडवता येत नाहीत. कात टाकल्यावरही सुळे पांढरे आणि मऊ, काही दिवस बिनकामाचे. नेमक्या त्याच पहाटे डब्याच्या हवेच्या भोकांतून बारीक लाल मुंग्यांची ओळ आत शिरत होती. चित्रकलेचा ब्रश ओला करून एकेक मुंगी टिपून काढली. तासभर लागला. ठकी वाचली.

आई तोवर मुंग्यांचा खडू घेऊन हजर. "अगं, भिंतीवर नुसती रेघ ओढते, तुझ्या डब्याला हातही लावत नाही." अक्षरशः हात धरावा लागला. त्या खडूतलं औषध मुंगीच्या नसांवर जे करतं तेच कोळ्याच्याही करतं. मग तिलाच आठवलं, आजीकडे दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याने भरलेल्या दगडी वाट्यांत असायचे.

तशाच प्लास्टिकच्या वाट्या ऑनलाइन मिळतात. मध्ये पाय ठेवायला उंचवटा, भोवती गोल खंदक. चारांचे ३२० रुपये पडले. ठकीचा डबा असतो तो लोखंडी रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून त्याच्या पायांखाली वाट्या लावल्या.

पहिले काही आठवडे साधं पाणी. ठाण्याच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत खंदक कोरडा पडायचा. शिवाय मुंगी इतकी हलकी की पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर ती बुडतच नाही, काही तर आरामात चालत पलीकडे जाताना पाहिल्या. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला की तो ताण मोडतो आणि त्या तळाला जातात. पण पाऊस सुरू झाल्यावर डेंग्यूची भीती, त्यात पालिकेची माणसं साठलेलं पाणी बघायला घरोघरी येतात. चार वाट्या दाखवून "टॅरँटुलासाठी आहेत" हे कोण समजावणार! म्हणून पाणी बंद केलं. गोडंतेल घालून पाहिलं, ते चिकट झालं आणि वास मारू लागलं. शेवटी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन ओतलं, एक सेंटिमीटर खोल. ते उडून जात नाही आणि खवटही होत नाही. जूनपासून तेच आहे. महिन्यातून एकदा टिश्यूने पुसून नवीन घालते, कारण धूळ आणि केस साचले की त्यांचाच पूल होतो.

जुलैत तरीही मुंग्या आल्या. वाट्या चकचकीत, एकही मेलेली मुंगी नाही, आणि वरच्या कप्प्यात ओळ. टॉर्च घेऊन उलट शोधत गेले तर पंख्याच्या वाऱ्याने पडद्याची दोरी रॅकला टेकली होती. रॅकचा हा पाचवा पाय. नंतर सहावाही सापडला, तापमापकाची वायर. म्हणजे दोष वाट्यांचा नव्हता. वाटी फक्त पाय राखते, रॅकला काय काय टेकलंय ते आपणच बघायचं.

मुंग्या येत होत्या कशासाठी, हे त्याहून उशिरा कळलं. ठकीसाठी नाही. ठकीचा खाऊ म्हणून ठेवलेल्या रातकिड्यांच्या डब्यातलं गाजर आणि ठकीने चघळून टाकलेला चोथा, यांच्यासाठी. आता चोथा दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलते, कात टाकायच्या दिवसांत जिवंत खाऊ आत सोडतच नाही, आणि रातकिड्यांचा डबा बाल्कनीत, त्यालाही एक वाटी. स्वयंपाकघराच्या खिडकीत साखर आणि बोरिक पावडर ठेवली, तिथली ओळ आटायला पंधरवडा गेला. रॅकजवळ ते ठेवायची हिंमत केली नाही, रातकिड्याने चाटलं तर ते ठकीच्या पोटात.

डब्याच्या कडेला व्हॅसलीनही लावून पाहिलं. उन्हाळ्यात पातळ होतं, ठकीचे पाय लागले तर तिच्यासाठी ताप. आणि डायटोमेशियस मातीची पावडर कुणी सुचवेल, ती मुंगीच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडून तिला सुकवते. ठकीचं अंगही तसंच आहे, आणि पावडर ओली झाली की मुंगीवरही चालत नाही. रॅकच्या आसपास नकोच.

सोसायटीच्या फवारणीच्या दिवशी मी अख्खा डबा उचलून मैत्रिणीकडे नेते. त्यावर वाटीचा उपाय नाही.

घ्यायच्या असतील तर रॅकच्या पायाची जाडी आधी मोजा. माझ्या वाटीचा उंचवटा पायापेक्षा जेमतेम मोठा आहे, रॅक जरा सरकला की पाय खंदकात उतरतो आणि तेल फरशीवर. दोनदा झालंय. आता प्रत्येक वाटीखाली जुन्या स्लिपरच्या रबराचा तुकडा आहे.