मेडॉक की नापा? नागपूरच्या रनरने कोणती निवडावी

रविवारी फुटाळ्यावर लाँग रन संपवून चहा घेत होतो तेव्हा ग्रुपमधल्या एकाने विचारलं, भाऊ, आयुष्यात एकदा तरी द्राक्षाच्या मळ्यांतून फुल मॅरेथॉन पळायची आहे, फ्रान्सची मेडॉक करू की अमेरिकेची नापा? तेव्हा घाईत अर्धवटच बोललो, म्हणून आता नीट लिहून राहिलो.

आधी कॅलेंडर बघा. मेडॉक असते सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे तुमची सोळा-अठरा आठवड्यांची तयारी सुरू होणार मे मध्ये. मे मधलं नागपूर तुम्हाला सांगायला नको, दुपारी 45 आणि पहाटे चारला घराबाहेर पडलं तरी हवा गरमच. मग पाऊस आला की बरं वाटतं पण खरी परीक्षा तिथेच असते, कारण 28-30 किलोमीटरचे मोठे रन नेमके जुलै-ऑगस्टमध्ये येतात. माझा अंबाझरीचा तिसरा लूप अजून आठवतो, बूट पाण्याने जड झालेले, प्रत्येक पावलाला पचक पचक आवाज, घाम वाळायचं नाव नाही, आणि घरी आल्यावर बुटात पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ओलेच.

नापाचं बरोब्बर उलटं. ती मार्चच्या पहिल्या रविवारी, म्हणजे तयारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आपल्याकडचे सगळ्यात सुंदर महिने. सेमिनरी हिल्सला सकाळी 10-12 डिग्री असते, स्टार्टला नापात त्याहूनही थोडी जास्तच थंडी मिळेल त्यामुळे हातमोजे न्या, पण शरीराला धक्का बसत नाही. शेवटचे लाँग रन संपेपर्यंत मृग बहाराचा संत्राही बाजारात आलेला असतो, रननंतर दोन सोलून खायचे, त्याहून चांगलं काही नाही.

आता रेसचं. नापा म्हणजे कॅलिस्टोगा ते नापा शहर, जवळजवळ सगळा रस्ता सिल्व्हराडो ट्रेल, पूर्ण डांबरी, एकूण उतार 300 फुटांच्या आसपास, 1979 पासून सुरू आहे आणि बोस्टन क्वालिफायर आहे, म्हणजे इथला टाइम बोस्टन मॅरेथॉनच्या पात्रतेसाठी धरतात. टाइम काढायला जायचं असेल तर हीच. फक्त रस्ता कडेला कललेला आहे, एकाच बाजूने पळत राहिलं की गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते, म्हणून जिथे मोकळं मिळेल तिथे मधोमध पळा. मार्चमध्ये वेली उघड्या असतात, छाटणी झालेली, पण ओळींमध्ये मोहरीची पिवळी फुलं असतात आणि ते बघून मन भरतं. रस्त्यात वाइन नाही, ती नंतर.

मेडॉक मात्र पळण्याची यात्रा आहे. बोर्डोच्या उत्तरेला पॉइयाक गावातून निघते, 1985 मध्ये पहिल्यांदा झाली, दरवर्षी एक थीम असते आणि बहुतेक लोक वेषांतर करूनच येतात, वाटेत वीसच्या वर वाइनचे स्टॉप, शातो लाफित रोथशील्डसारख्या नावाजलेल्या वाइनरींच्या आवारातून रस्ता जातो, शेवटच्या टप्प्यात ऑयस्टर, स्टेक, चीज, आइस्क्रीम. तोडणी तोंडावर आलेली असते म्हणून वेलींवर घड लगडलेले दिसतात. कटऑफ, म्हणजे रेस पूर्ण करायची मुदत, साडेसहा तास, ऐकायला भरपूर वाटतो पण प्रत्येक ठिकाणी थांबलात तर पटकन संपतो. शिवाय मध्ये मध्ये खडीच्या, मातीच्या वाटा आहेत, ऊन चढलेलं असतं. आणि दारू शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन दाबते, लघवी वाढते, त्यामुळे उन्हात घोट घेतला तर लगेच त्याच्यामागे पाणी आणि मीठ घ्यायलाच पाहिजे. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या 30 किलोमीटरमध्ये फक्त ओठ ओले करा, खरी मजा त्यानंतर.

पहिलीच फुल असेल तर मेडॉक नको, मनापासून सांगतो. आधी नापा किंवा आपल्याच देशातली एखादी साधी मॅरेथॉन करा. दोन-तीन झाल्या असतील, टाइमचं वेड उतरलं असेल, घरचे सोबत येणार असतील, तर मेडॉकसारखं दुसरं काही नाही.

व्हिसाचं म्हणाल तर अमेरिकेचा पहिल्यांदा काढताना मुंबईला इंटरव्ह्यू आणि तारखेसाठी कधीकधी महिनोनमहिने वेटिंग, म्हणून नापाचं वर्षभर आधीच ठरवा. मेडॉकचे बिब, म्हणजे छातीवर लावायचे रनर नंबर, लवकर संपतात, तिथे घाई नोंदणीची करा.

कोणतीही निवडा, जमलं तर जानेवारी-फेब्रुवारीत सेवाग्राम एक्सप्रेसने नाशिक रोडला उतरा, गंगापूर धरणाकडच्या मळ्यांमधून पहाटे 20-25 चा रन करा. तिथे तेव्हाच वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते, ट्रॅक्टरमधून क्रेट जाताना दिसतात. आणि मेडॉकचंच पक्कं झालं असेल तर थीमचा ड्रेस ऑगस्टच्या आधी शिवून घ्या, तो घालून अंबाझरीला भर पावसात एक पूर्ण लाँग रन करा, काखेत कुठे घासतंय ते तिथेच कळेल.