माल जपून ठेवणारे गोडाऊन

धुळ्यात माझा दुधाच्या टाक्या आणि डाळ मिलचे हॉपर (धान्य ओतायच्या नरसाळ्यासारख्या पेट्या) बनवण्याचा छोटा कारखाना आहे. त्यासाठी लागणारा 304 आणि 316 प्रतीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा गेली तीन वर्षे मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एकाच व्यापाऱ्याकडून घेतो. त्यांचा भाव किलोमागे इतरांपेक्षा काही रुपयांनी अधिक असतो, तरीही मी तिथेच जातो. कारण माल ज्या रीतीने ठेवला जातो, तिचे मोल मला त्या भावात दिसते.

हे मला एका नुकसानीतून समजले. त्याआधी दुसऱ्या एका गोडाऊनमधून आणलेल्या 304 च्या पत्र्याची टाकी आम्ही चोपड्याकडील एका दूध संकलन केंद्राला दिली आणि पहिल्याच पंधरवड्यात तिच्या बाहेरच्या बाजूवर तांबूस ठिपके उमटले. आम्ही हलका 202 चा पत्रा वापरला, असा ग्राहकाचा समज झाला. पत्रा अस्सल होता, टेस्ट सर्टिफिकेटही खरे होते. पण तो काळ्या लोखंडाच्या अँगलवर उघडाच रचलेला असे आणि शेजारी दिवसभर ग्राइंडर चालत असे. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असते आणि त्यामुळे पृष्ठभागावर धरणारा, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा त्याला गंजण्यापासून वाचवतो. लोखंडाचा चुरा त्या पृष्ठभागात रुतला की ओलावा मिळताच आधी तो चुरा गंजतो, आणि वेळीच काढला नाही तर खालच्या पत्र्यालाही बारीक खड्डे पडू शकतात. पिकलिंग पेस्ट (गंज आणि लोखंडाचे कण विरघळवणारा आम्लाचा लेप) लावून आणि भरपूर पाण्याने धुऊन ती टाकी पूर्ववत करण्यात आमचे चार दिवस गेले. ग्राहकाच्या मनातला संशय जायला त्याहून जास्त काळ लागला.

जळगावच्या या गोडाऊनमध्ये काळे लोखंड येतच नाही. तो माल वेगळ्या शेडमध्ये असतो, आणि हमालांचे हातमोजेसुद्धा दोन्हीकडचे निराळे आहेत. रॅक लोखंडीच आहेत, पण पत्रा किंवा पाइप जिथे जिथे टेकतो तिथे लाकूड किंवा जाड रबर बसवलेले आहे, आणि त्या लाकडातून खिळ्याचे डोके वर आलेले मला एकदाही आढळले नाही. खिळाही लोखंडाचाच असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उचलण्यासाठी साखळीऐवजी नायलॉनचे पट्टे वापरतात आणि पाइपच्या दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकची टोपणे असतात. 304 आणि 316 यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही आणि चुंबकालाही कळत नाही, म्हणून प्रत्येक प्रतीला ठरलेला रंग आहे. एवढेच नव्हे, तर पत्रा कापल्यावर उरलेल्या तुकड्यावरही हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ज्या वितळणीतून तो पत्रा बनला तिचा क्रमांक, पुन्हा लिहिला जातो. 316 मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्याचेच आपण जास्त पैसे मोजतो, तेव्हा या नोंदीची किंमत मला फार वाटते.

पावसाळ्यात दमट हवा आत शिरली की थंड गठ्ठ्यांवर दव धरते आणि दोन पत्र्यांमध्ये झिरपलेले पाणी तिथेच अडकून डाग पाडते. म्हणून इथे गठ्ठे जमिनीपासून वीतभर उंच असतात आणि मधला कागद ओला झाला तर लगेच बदलतात. शौचालय धुण्याच्या ॲसिडचे कॅनही या छपराखाली ठेवू देत नाहीत. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, आणि झाकण सैल राहिले तर त्याची वाफसुद्धा पत्रा खराब करते.

तरीही प्रत्येक खेपेतून एक तुकडा कापून मी त्यावर मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणाची चाचणी करतो. पृष्ठभागावर मोकळे लोखंड असेल तिथे तांबे चढून लालसर डाग दिसतो. अन्नाशी संबंध येणाऱ्या तयार वस्तूवर ही चाचणी करायची नसते, म्हणून तुकडाच घ्यावा लागतो. तीन वर्षांत या गोडाऊनच्या मालावर तसा डाग मला एकदाच दिसला, आणि त्यांनी तो पत्रा काहीही वाद न घालता बदलून दिला.

एक तक्रार मात्र होती. संरक्षक फिल्म लावलेले चकचकीत पत्रे ते पश्चिमेच्या मोठ्या खिडकीजवळ उभे करत असत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो आणि त्या उन्हात फिल्मचा गोंद पत्र्याला असा धरतो की ती नुसती ओढून निघत नाही. निघाली तरी चिकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. गेल्या उन्हाळ्यात अशा दोन पत्र्यांवरचा गोंद काढण्यात माझ्या कारागिरांचा पूर्ण दिवस गेला. मालकांना हे सांगितल्यावर त्यांनी रॅक आतल्या भिंतीकडे हलवला आणि फिल्मवर माल आल्याची तारीख लिहायला सुरुवात केली. खिडकीला पडदा मात्र गेल्या आठवड्यापर्यंत लागलेला नव्हता.