सेफ झालेला रेडिओ: जुन्या ऑक्टाव्हियाच्या मूळ संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडून २००७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया विकत घेतली. १.९ लिटरच्या डिझेल इंजिनाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण येथे मी केवळ तिच्या डॅशबोर्डात कारखान्यातून बसून आलेल्या कॅसेट-रेडिओविषयी लिहिणार आहे. डिसेंबरात बॅटरी बदलली तेव्हा हा संच कुलूपबंद झाला, तो उघडण्यात माझे सतरा दिवस गेले, आणि उघडल्यापासून गेले आठ महिने मी तो जवळजवळ रोज वापरतो आहे. त्यामुळे आता त्याच्याविषयी घाईने नव्हे, तर वापरून झालेल्या मताने लिहिता येईल असे वाटते.

बॅटरी बदलणाऱ्या मुलाने जुनी बॅटरी उचलली, नवी ठेवली, टर्मिनल आवळले आणि गाडी एका फटक्यात सुरू झाली. घरी येताना रेडिओ लावला तर पडद्यावर इंग्रजीत ‘सेफ’ हा एकच शब्द उमटला. गाडी सुरक्षित आहे हे सांगण्याची ही कोणती वेळ, असे मला वाटले. परत जाऊन विचारले तेव्हा तो मुलगा शांतपणे म्हणाला, “दादा, कोड मागतोय तो. कार्ड असंल की तुमच्याकडं.” कार्ड असते हे मला तेव्हा प्रथमच कळले. बॅटरी काढण्याआधी हे एक वाक्य तो बोलला असता तर पुढचे काहीच घडले नसते, पण गाडी घेताना मीही ते विचारले नव्हते, तेव्हा दोष निम्मा माझाच.

संच असा का वागतो हे समजून घेतल्यावर माझा राग बराच उतरला. गाडीचा रेडिओ एके काळी सुमारे १८० बाय ५० मिलिमीटरच्या ठरावीक खाचेत बसणारी सुटी वस्तू होती. काच फोडून तो ओढून काढणे आणि दुसऱ्या गाडीत बसवणे चोराला सहज जमत असे, आणि युरोपात अशा चोऱ्या फार होत. त्यावर उपाय म्हणून संचात एक लहान स्मृती-चिप बसवली गेली. वीज पूर्ण गेली तरी या चिपमधला मजकूर पुसला जात नाही, आणि कोड तिच्यातच असतो. संचाला बॅटरीकडून एक कायमची तार येते. ती तुटली की आपल्याला कोणीतरी गाडीतून उपटले आहे असे संच धरून चालतो आणि वीज परत मिळाल्यावर चार आकडी कोड दिल्याखेरीज तोंड उघडत नाही. बॅटरी बदलणारा मालक आणि तारा कापणारा चोर यांच्यात फरक करण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. पुढच्या काळातील गाड्यांत संच गाडीच्या इतर संगणकांशी बोलून आपण आपल्याच गाडीत आहोत याची खात्री करून घेतो, म्हणून तेथे हा प्रश्न क्वचितच उद्भवतो.

मी शिक्षकांना फोन केला. त्यांनी कार्ड होते असे सांगितले, पण सोबत हेही सांगितले की ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा, त्यांनी गाडी आधीच विश्रामबागेत नातेवाइकांकडे नेऊन ठेवली होती आणि गाडीची कागदपत्रे मात्र तळमजल्यावरच्या कपाटात राहिली होती. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी गावभागात कोणाच्या कपाटात काय उरले, हे सांगलीकरांना सांगायला नको. गाडी वाचली आणि तिचे कागद बुडाले, हा त्या पुरातला उलटा न्याय. दोन दिवसांनी सरांनी स्वतः येऊन एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते कार्ड माझ्या हातात ठेवले. शाई पसरलेली होती. पहिले दोन आकडे आणि शेवटचा आकडा वाचता येत होता. तिसरा तीन होता की आठ, याचा निर्णय भिंग लावूनही होईना.

या संचात कोड भरण्याची रीत सोपी आहे. सेफ हा शब्द गेल्यावर पडद्यावर १००० हा आकडा येतो. स्टेशनांच्या एक ते चार या बटणांनी त्यातला एकेक अंक बदलायचा आणि उजव्या बाणाचे बटण दोन सेकंदांहून अधिक दाबून धरायचे. दोन प्रयत्न मिळतात. दोन्ही चुकले की पुन्हा सेफ उमटते आणि संच सुमारे एक तास काहीही ऐकत नाही. हा तास किल्ली कुलपात ठेवून, संच चालू ठेवून काढावा लागतो, तो बंद करून घरात जाऊन चहा घेतल्याने भागत नाही. मी तीन घालून पाहिला, आठ घालून पाहिला. दोन्ही चुकले. तासाभराने शून्य आणि सहा, पुढच्या तासाला पाच आणि नऊ. रात्री अकरा वाजता मी अंगणातल्या गाडीत बसून बोटांवर हिशेब केला की आकडा मुळीच ठाऊक नसता तर दहा हजार शक्यता, तासाला दोन, म्हणजे पाच हजार तास, म्हणजे २०८ दिवस आणि त्याच्या अखंड रात्री. माझ्या बाबतीत शक्यता दहाच होत्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या दहाही संपल्या.

यानंतरचा आठवडा मी वाया घालवला. एका ॲक्सेसरीजच्या दुकानात मला सांगण्यात आले की हा डबा काढून टाका, नऊ हजारांत अँड्रॉइड पडदा बसवून देतो, मागचा कॅमेराही मिळेल. आंतरजालावर कोड विकणाऱ्या एकाने माझ्याकडून आठशे रुपये आणि गाडीचा सतरा अक्षरांचा चॅसिस क्रमांक घेऊन चार आकडे पाठवले, ते चुकीचे निघाले आणि त्यानंतर त्याचे उत्तर येणे थांबले. मिरजेतील एक जुने रेडिओ-दुरुस्तीकार मात्र प्रामाणिक वाटले. संच उघडून स्मृती-चिप ‘प्रोग्रामर’ नावाच्या यंत्रावर वाचता येते असे ते म्हणाले, परंतु “कागद असतील तर आधी कंपनीकडनं बघा, चिप काढताना सर्किटवरची पट्टी उचकटली तर मी भरून देणार नाही” हेही त्यांनी न विचारता सांगितले. मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हाच एक फुकट होता आणि हाच उपयोगी पडला.

कंपनीच्या सेवा केंद्राला कोड हवा असेल तर संचाचा स्वतःचा अनुक्रमांक लागतो, आणि तो संचाच्या अंगावरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. म्हणजे संच बाहेर काढणे आले. त्यासाठी चार चपट्या पोलादी पट्ट्यांच्या चाव्या मिळतात. संचाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक फटींत त्या सरकवल्या की आतले चाप सुटतात आणि संच पुढे ओढता येतो. कुपवाड रस्त्यावरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे त्या होत्या आणि त्याने काम पाच मिनिटांत केले. पेचकसाने उचकटण्याचा मोह टाळावा, कारण कडेची प्लॅस्टिकची चौकट एकदा ओरखडली की ती कायमची दिसते. संच उलटा केला, एस-के-झेड या अक्षरांनी सुरू होणारा चौदा अक्षरांचा क्रमांक उतरवून घेतला, आणि सहज म्हणून सरांच्या कार्डावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. कार्डावरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे शाबूत होते, आणि ते वेगळे होते.

मी सरांना पुन्हा फोन लावला. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “अहो, बरोबर. दोन हजार नऊला कॅसेट अडकायची म्हणून वॉरंटीत बदलून दिला होता. ते कार्ड आधीच्याचं असणार.” म्हणजे महापुरात ते कार्ड कोरडे राहिले असते तरी त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता, आणि ज्या एका धूसर आकड्यासाठी मी दीड दिवस गाडीत बसलो तो आकडा भलत्याच कुलपाचा होता. कोड गाडीचा नसतो, संचाचा असतो, हे वाक्य मी तोवर दोन-तीन ठिकाणी वाचले होते. त्याचा अर्थ त्या फोननंतर कळला. चॅसिस क्रमांकावरून कोड देणाऱ्या त्या विक्रेत्याने मला फसवले की त्याच्या यादीतही तो जुना संचच होता, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. मात्र संचाचा अनुक्रमांक न विचारता जो कोड देऊ करतो त्याला पैसे देऊ नयेत, एवढे मी ठामपणे म्हणेन.

पुढचा भाग सरळ होता. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूरच्या सेवा केंद्रात गेलो. माझ्या नावावर झालेले नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र, चॅसिस क्रमांक आणि चिकटपट्टीचे छायाचित्र त्यांनी मागितले. पाचशे रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ५९० रुपये घेतले, आणि चौथ्या दिवशी फोनवरून नव्हे तर शिक्क्याच्या कागदावर कोड दिला. नोंदणी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असती तर त्यांचे पत्र लागले असते. या कागदपत्रांचा मला मुळीच त्रास वाटला नाही. जो कोड कोणालाही तोंडी मिळतो तो असून नसून सारखाच. संध्याकाळी घरी येऊन चार अंक भरले, बाणाचे बटण दाबून धरले, आणि खरखरीतून एकदम बातम्यांचा आवाज आला.

आता वापराविषयी. या संचात मध्यम लहरी आहेत, आणि माझ्या वडिलांसाठी ही एकच गोष्ट पुरेशी आहे. आकाशवाणी सांगली १२५१ किलोहर्ट्झवर पहिल्या बटणाला लावून ठेवले आहे, आणि विट्याकडे जाताना एफएमची स्टेशने एकामागून एक सोडून देतात तेव्हाही ते टिकते. मित्राच्या गाडीत नऊ हजारांचाच अँड्रॉइड पडदा आहे, त्यात मध्यम लहरी नाहीतच. विजेच्या मोठ्या तारांखालून जाताना घरघर होते, पण ती त्या लहरींची जात आहे, संचाचा दोष नाही. आवाजाचा पोत भरदार आहे, दारांतील मूळ स्पीकर बदलण्याची गरज मला अजून भासलेली नाही. आवाजाची गोल कळ न पाहता हाताला सापडते. भर बाजारात, हळदीच्या ट्रकांच्या मधून वाट काढताना, पडद्यावर बोट घासत बसण्यापेक्षा हे किती बरे, ते वापरूनच कळते.

फोनवरची गाणी मी तार असलेल्या कॅसेट-अडॅप्टरने ऐकतो. कॅसेटच्या आकाराची ही वस्तू दीड-दोनशे रुपयांत मिळते, आणि फोनमधून आलेला आवाज ती संचाच्या हेडला चुंबकीय रूपात देते. पहिले अडॅप्टर दोन महिन्यांत कुरकुरू लागले, त्यातली प्लॅस्टिकची चाके झिजली होती. दुसरे पाच महिने ठीक चालले आहे. त्याचा आवाज रेडिओपेक्षा थोडा दबका येतो आणि उंच स्वरांची धार जाते. फोनवर बोलण्याची सोय अर्थातच नाही. पडद्यावरच्या दोन आडव्या रेषा मंद झाल्या आहेत, त्यामुळे आठ आणि शून्य दिवसा सारखेच दिसतात, आणि एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीतला संच पहिली पाच मिनिटे कॅसेट घेत नाही.

एप्रिलमध्ये स्टार्टरच्या कामासाठी बॅटरी पुन्हा सोडवावी लागली. या वेळी मेकॅनिककडे मी कोड खिशात घेऊनच गेलो होतो. सेफ आले, अंक भरले, अर्ध्या मिनिटात संच सुरू झाला. स्टेशने मात्र पुन्हा लावावी लागली. बॅटरी नुसती बदलायची असेल तर काम चालू असताना दुसरी १२ व्होल्टची बॅटरी जंप केबलने तारांना समांतर लावून ठेवली की संचाची वीज तुटत नाही. पण सुटा झालेला धन चिमटा बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि फ्यूज जातो, तेव्हा हे ज्याला सवय आहे त्यानेच करावे. कोड हाताशी असेल तर एवढी उठाठेव करण्याचे कारण उरत नाही.

मागचा कॅमेरा, नकाशे आणि फोन ज्यांना गाडीच्या पडद्यावरच हवेत त्यांनी कोडच्या मागे न लागता संच बदललेला बरा. मी तो ठेवला याचा मला पश्चात्ताप नाही, आणि एकूण खर्च ५९० रुपये, इलेक्ट्रिशियनचे शंभर आणि बुडालेले आठशे असा झाला. जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र दुसरी किल्ली मागताना त्याच दमात रेडिओचे कार्ड मागावे, आणि शक्य असेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर बॅटरीची तार एकदा सोडवून, परत लावून, त्याच्याच हाताने कोड भरून घ्यावा. माझा कोड आता नोंदणीच्या झेरॉक्सच्या मागे आणि बायकोच्या फोनमध्ये आहे, गाडीत नाही. मूळ कागद माळ्यावर, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे, आणि सरांचे ते शाई पसरलेले कार्डही त्याच पेटीत आहे.