टूसॉनचा मिनरल शो: चांगले स्पेसिमेन घ्यायला जाताय तर आधी हे वाचा

मी अमेरिकेत ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहते, तिथून टूसॉन गाडीने दोन तासांच्या आत, त्यामुळे गेली चार वर्षं दर फेब्रुवारीत तिथल्या मिनरल शोला, म्हणजे खनिजांच्या प्रदर्शन-विक्रीला, माझी फेरी ठरलेली आहे. पहिल्या वर्षी नुसती भारावून फिरले, दुसऱ्या वर्षी फसले, आणि आता कुठे जरा कळायला लागलंय की दगड हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं. इकडच्या मराठी मंडळींमध्ये बरेच जण विचारतात की जावं का, किती दिवस लागतात, खरं-खोटं कसं ओळखायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे हा एक शो नाहीच. जानेवारीच्या शेवटापासून गावभर चाळीसच्या आसपास वेगवेगळे शो लागतात, काही तंबूत, काही हॉटेलात, काही नुसत्या मोकळ्या जागेत. मुख्य शो टूसॉन जेम अँड मिनरल सोसायटीचा, 1955 साली एका शाळेत सुरू झालेला, आता कन्व्हेन्शन सेंटरमध्ये फेब्रुवारीत गुरुवार ते रविवार असा चार दिवस असतो. त्याला तिकीट आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी फुकट आत जाता येतं. काही ठिकाणी फक्त होलसेल, धंद्याचे कागद दाखवल्याशिवाय सोडत नाहीत, तेवढं आधी बघून जा.

मुख्य शो बघायचाच, पण माझ्या मते तो शिकायला, खरेदीला नाही. म्युझियमं आणि मोठे कलेक्टर आपले सगळ्यात भारी तुकडे काचेच्या कपाटात मांडतात, दर वर्षी एक थीम असते (2025 ला हिरवा रंग होता), आणि तिथे अर्धा दिवस नुसतं उभं राहून बघितलं की डोळा तयार होतो. वुल्फेनाइटचंच घ्या, ते ॲरिझोनाचं राज्य-खनिज आहे, इथल्या रेड क्लाउड खाणीतले नारंगी-लाल पातळ चौकोनी पत्रे जगात नावाजलेले आहेत. शंभर तुकडे बघितले की मग दिसतं की एकाच्या कडा चारही बाजूंनी पूर्ण आहेत आणि शेजारच्याचा एक कोपरा भाताच्या कणीएवढा उडालाय, आणि त्या कणीएवढ्या कोपऱ्यामुळे किंमत सरळ निम्म्यावर येते. हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही, समोर बघावं लागतं.

खरेदीची खरी मजा हॉटेल शोमध्ये. खोल्यांमधले पलंग काढून टेबलं मांडलेली असतात, दारं उघडी, तुम्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, एकात मोरोक्कोचा माल, पुढच्यात चीनचा, त्याच्या पुढे पाकिस्तानचा, आणि मग अचानक मागून मराठी ऐकू येतं. आपल्याकडचे डीलर इथे असतात हे मला माहीतच नव्हतं. ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, खरंच सांगते. मी वाघोलीजवळ वाढले, खडीचे ट्रक धुरळा उडवत जायचे आणि आई दारं-खिडक्या लावून घ्यायची एवढीच माझी त्या खाणींची आठवण, आणि इथे वाळवंटातल्या एका मोटेलच्या खोलीत टेबलावर कॅव्हनसाइट, गडद निळी फुलं पांढऱ्या स्टिल्बाइटवर (हेही एक खनिजच) बसलेली, आणि खाली लेबल "वाघोली, पुणे". हे खनिज पहिल्यांदा सापडलं इथे अमेरिकेत, ऑरेगॉनमध्ये, नावही कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट जोडून केलेलं, पण जगातला कुठलाही कलेक्टर कॅव्हनसाइट म्हटलं की वाघोलीच म्हणतो.

त्या खोलीतले दादा जळगावकडचे होते. मी निळा रंग बघून हरखून लगेच किंमत विचारली तर म्हणाले, "ताई, आधी पाठ बघा त्याची, मग तोंड." हे एक वाक्य मी तेव्हापासून धरून ठेवलंय. दगड उलटा करायचा, खालून बघायचा, बाजूने बघायचा, मग पुढून.

कारण दुसऱ्या वर्षी मी नेमकं हेच केलं नव्हतं. दुसऱ्याच एका ठिकाणी (नाव घेत नाही) घाईघाईत एक कॅव्हनसाइट घेतलं, घरी आणून भिंगाखाली धरलं तर निळ्या फुलाच्या बुडाशी चकचकीत रेष, म्हणजे सुटं फूल उचलून स्टिल्बाइटवर चिकटवलेलं. यूव्ही टॉर्च मारला तर ती रेष पांढरट-निळी चमकली. चिकटवलेलं आहे असं सांगून स्वस्तात विकलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं, पण सांगितलं नाही याचा मला अजून राग आहे. आता दहापट भिंग आणि छोटा यूव्ही टॉर्च पर्समध्ये असतोच. सगळाच गोंद चमकतो असं नाही पण बराचसा चमकतो, आणि जिथे स्फटिक आणि मॅट्रिक्स (म्हणजे तो ज्यावर बसलेला असतो तो दगड) मिळतात तो सांधा भिंगातून नीट बघितला की बहुतेक वेळा कळतं.

आपल्या मालातलं अजून एक म्हणजे ओकेनाइट, ते कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे. निळे, गुलाबी, जांभळे दिसले तर ते रंगवलेले आहेत, ओकेनाइट पांढरंच असतं, फार तर जरासं पिवळट. आणि कृपा करून त्याला बोट लावू नका! तंतू एकदा दबले की परत उभे राहत नाहीत.

अपोफिलाइट हे आपल्याकडचंच अजून एक खनिज, ते घेताना टोक बघा. ते आडवं सहज फुटतं, तापवलं की पापुद्रे सुटतात म्हणून तर ग्रीकमधून ते नाव पडलंय. पिरॅमिडचं टोक उजेडात हळूहळू फिरवायचं, चीर गेली असेल तर तेवढ्या जागी वेगळीच चमक मारते. काही डीलर ओरखडे लपवायला दगडाला तेल लावतात, म्हणून बोटाला चिकट लागतंय का बघा. आणि खोलीतल्या दिव्यांवर जाऊ नका, त्या उजेडात सगळंच भारी दिसतं. दारात उन्हात नेऊन बघू का असं विचारा, चांगला डीलर नाही म्हणत नाही. मी एकदा हिरवं म्हणून उचललेलं अपोफिलाइट बाहेर आणलं तर जेमतेम हिरवटसर होतं, परत ठेवलं.

माझा सगळ्यात मोठा आग्रह लेबलचा आहे. आपला सह्याद्री, सगळं दख्खनचं पठार म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर खनिजं विरघळलेलं पाणी मुरून मुरून त्यात हे स्फटिक वाढले. पण प्रत्येक जागेचा माल वेगळा, नाशिकचा वेगळा, राहुरीचा वेगळा, जळगावचा वेगळा, जाणकार नुसतं बघून सांगतात. आणि हे सापडतं कुठे, तर खडीच्या खाणीत आणि विहीर खणताना. खाण बुजली, विहिरीला पाणी लागलं की संपलं, परत तिथलं मिळत नाही. तरी टेबलामागून टेबलं अशी असतात जिथे फक्त "इंडिया" लिहिलेलं असतं, मग मी विचारते की गाव कुठलं, आणि सांगता आलं नाही तर कितीही सुंदर असला तरी ठेवून देते. जुन्या कलेक्शनमधून आलेल्या तुकड्यावर कधी कधी शाईने लिहिलेलं पिवळं पडलेलं लेबल असतं, "पूना" किंवा "भोर घाट", भोर घाटातली रेल्वे 1863 ला सुरू झाली, ती खोदताना निघालेले झिओलाइट (स्टिल्बाइट ज्यातलं आहे तो खनिजांचा गट) पार इंग्लंडपर्यंत गेले होते. असलं लेबल दगडाबरोबर आलं तर ते कधीच फेकू नका, नवीन केलं तरी जुनं त्याच्याखाली ठेवा.

भावाचं म्हणाल तर पहिल्या दोन दिवसांत निवड सगळ्यात चांगली, शेवटच्या दिवशी सूट सगळ्यात जास्त. मला एकच चांगला तुकडा हवा असतो म्हणून मी लवकर जाते. लहान मुलांसाठी घ्यायचं असेल तर शेवटच्या दिवशी फ्लॅट मागा, म्हणजे पुठ्ठ्याच्या उथळ खोक्यात पंधरा-वीस तुकडे एकत्र, एकदम स्वस्तात देतात कारण परत न्यायचा खर्च त्यांना नको असतो. नवीन माणसाने थंबनेल साइज घ्यावी, इंचभराच्या डबीत मावेल एवढी, त्या आकारात कमी पैशांत खरोखर निर्दोष स्फटिक मिळतो. तेवढ्याच पैशांत मोठा घ्यायला गेलात तर कुठेतरी फुटलेला मिळणार.

बाकी किरकोळ: सकाळी थंडी, दुपारी चटका, चांगले बूट घाला. डाउनटाउनमध्ये पार्किंगला पैसे आणि वेळ दोन्ही जातात. हॉटेलचे दर त्या दोन आठवड्यांत अंगावर येतात म्हणून मी दिवाळीच्या सुमारासच बुक करते. कमीत कमी दोन दिवस ठेवा, आणि अर्धा दिवस जुन्या कोर्टाच्या इमारतीतल्या युनिव्हर्सिटीच्या मिनरल म्युझियमला द्या, 2021 ला सुरू झालंय, मांडणी फार सुंदर आहे.

एकूण माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो न सांगता चिकटवलेला आणि रंगवलेला माल अजूनही उघड विकला जातो त्यासाठी.

ह्या वर्षी त्याच जळगावच्या दादांकडून साठ डॉलरला एक थंबनेल कॅव्हनसाइट घेतलं, पाठ बघून, उन्हात धरून, सगळं करून. गाडीत बसून डबीचं झाकण परत उघडलं आणि फोटो काढून आधी आईला पाठवला. तिने फोन करून विचारलं, "हे आपल्या खाणीतलं?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर त्यांच्या लेबलखाली माझं लेबल लिहून ठेवलंय, वाघोली, ता. हवेली, जि. पुणे.